रविवारचे रान आणि कामगाराची बस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



जंगल हा विषय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, घरांची टंचाई, कंत्राटी मजुरी असे ज्वलंत प्रश्न समोर उभे असता रविवारी रानात फिरायला जाण्याची चर्चा ही रिकामटेकड्यांची चैन वाटण्याचा संभव आहे. तथापि बोरिवली, गोरेगाव, मुलुंड आणि ठाण्याच्या येऊरपर्यंत पसरलेले जे जंगल मुंबईच्या उपनगरांना लाभले आहे, त्याचा मालक कोण, त्यात राहण्याचा हक्क कोणाचा आणि तेथवर पोचणे कोणाला परवडणार, हे प्रश्न चैनीचे नव्हेत. सार्वजनिक संपत्ती सार्वजनिक राहते की मूठभरांची होते, याच मूळ प्रश्नाची ती अंगे आहेत.

या चर्चेचा आरंभ रविवारापासून करावयास हवा. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी कोणी कृपा म्हणून दिलेली नाही. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये हजारो कामगारांची सभा झाली व तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर मालकांना नमते घ्यावे लागले आणि १० जून १८९० पासून रविवार कामगाराचा झाला. परंतु दिवस मिळाला म्हणजे सर्व काही मिळाले असे होत नाही. तो दिवस घालवायचा कोठे? दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर सुट्टीचा दिवस हा एकमेकांच्या अंगावर आदळण्याचा दिवस होतो. मोकळा वेळ आणि मोकळी जागा या दोन्ही मागण्या एकाच पोटातून जन्मलेल्या आहेत.

युरोपातील समाजवाद्यांनी हे फार लवकर ओळखले. १८९५ साली व्हिएन्नामध्ये एक शिक्षक, एक लोहार आणि एक विद्यार्थी यांच्या पुढाकाराने ‘निसर्गमित्र’ ही कामगारांची संघटना निघाली. कामगारांना सवलतीत डोंगरात नेणे आणि तेथे त्यांच्यासाठी साध्या निवाऱ्याची घरे बांधणे हे तिचे काम. त्या विद्यार्थ्याचे नाव कार्ल रेन्नर. हाच पुढे ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर झाला. हिटलर सत्तेवर येताच १९३३ साली जर्मनीत या संघटनेवर बंदी आली, यावरून डोंगरात एकत्र चालणारे कामगार हुकूमशहांना किती खुपतात ते दिसून येते. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या माळावर बेधडक चालून गेले. जमीनदारांनी तो माळ आपल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता. बेनी रॉथमन आणि त्याच्या चार साथींना तुरुंगात जावे लागले. परंतु १९४९ साली ब्रिटिश पार्लमेंटने राष्ट्रीय उद्यानांचा व खुल्या प्रदेशात जाण्याच्या हक्काचा कायदा केला, आणि १९५१ साली त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान त्याच टापूत स्थापन झाले.

पाण्यासाठी राखलेले रान

मुंबईचे जंगल टिकले त्याची कथा मात्र वेगळी आहे. येथे ते शिकारीसाठी राखले गेले नाही; पिण्याच्या पाण्यासाठी राखले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शहर पाण्यावाचून तडफडत होते. १८५६ मध्ये मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० साली नळाचे पाणी शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. तलावात येणारे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालच्या टेकड्यांवरील वस्ती व शेती हटवून झाडे राखण्यात आली. म्हणजे हे रान शहराच्या सार्वजनिक गरजेतून राहिले, आणि त्याची किंमत तेथून उठवल्या गेलेल्या गावकऱ्यांनी दिली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

पुढे कृष्णगिरी, मग बोरिवली आणि १९८० च्या दशकापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी नावे बदलत, क्षेत्र वाढत वाढत हे उद्यान शंभर चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक झाले. इतक्या मोठ्या महानगराच्या हद्दीत बिबट्यांची नांदती वस्ती असलेले जंगल जगात विरळा. दहिसर नदी याच जंगलातून निघते, मिठी नदी विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून वाहू लागते, आणि पोयसर व ओशिवरा या नद्यांचे उगमही याच टेकड्यांत आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला व मिठीच्या काठची घरे बुडाली. त्या दिवशी, टेकडीवरची माती व झाडे ही पावसाचे पाणी धरून ठेवणारी व्यवस्था आहे, हा धडा मुंबईला मोठ्या किमतीत मिळाला. तो धडा सर्वांत महाग पडला तो नदीकाठच्या झोपडीला.

तिकिटाच्या अंतरावर

या रानाचे खरे वैशिष्ट्य असे की, तेथे जाण्यास मोटार लागत नाही. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरावे आणि पंधरा-वीस मिनिटे चालावे, की द्रुतगती महामार्गावरील उद्यानाचे दार येते. तेथून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे या काळ्या बेसॉल्टमध्ये शंभरावर लेणी कोरली गेली. बहुतेक लेण्यांजवळ पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांबरोबरच सोनार, लोहार अशा कारागिरांच्या दानांची नोंद तेथील शिलालेखांत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही ही वाट कष्टकऱ्यांची होती, असा त्याचा अर्थ. शिलोंड्याच्या पायवाटेसारख्या आतल्या वाटांवर मात्र वन खात्याची परवानगी काढून आणि वाटाड्या बरोबर घेऊनच जावे लागते, आणि ते योग्यच आहे.

गोरेगाव पूर्वेहून बसने आरेच्या रस्त्याला लागले की काही मिनिटांत शहराचा आवाज मागे पडतो. शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत म्हणून १९४९ साली आरे दुग्ध वसाहत उभारण्यात आली. सुमारे तेराशे हेक्टरांचा हा मुलूख गुरांच्या कुरणांचा, भातखाचरांचा आणि पाड्यांचा आहे. चित्रनगरीकडे जाणाऱ्या बसने गेले तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र गाठता येते; तेथील झाडझाडोऱ्यात शाळकरी मुलांना नेणे अगदी सोपे आहे. मुलुंडकरांना डोंगर दारातच दिसतो; परंतु त्यांच्या बाजूने आत जाण्याची मुभा फारशी नाही. त्यांनी ठाणे स्थानक गाठावे आणि ठाणे परिवहनच्या बसने येऊरला जावे.

घाटकोपर-विक्रोळीच्या कामगाराची अडचण याहून मोठी. त्याच्या भोवतीच्या टेकड्या केव्हाच घरांनी भरून गेल्या. रान त्याच्यापासून सरळ रेषेत फार दूर नाही. परंतु मध्ये तलाव, डोंगर व कुंपणे आहेत. त्याला जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने बसमधून पवई ओलांडून पश्चिमेला यावे लागते. अंधेरीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तेथे बस महाकाली लेण्यांच्या नावाने सुटते आणि लेणीही जागेवर आहेत. पण त्यांच्या भोवतीचे रान संपले. आज कान्हेरीच्या भोवती जे आहे ते उद्या राहिले नाही तर काय दिसेल, हे ज्याला पाहायचे असेल त्याने अंधेरीच्या त्या टेकडीवर उभे राहून पाहावे.

पावसाच्या पहिल्या महिन्यात या वाटांवर जे दिसते ते कोणत्याही बागेत दिसणार नाही. ऐन, कळंब, साग, खैर यांना फुटलेली पालवी, ओढ्यांचे लाल पाणी, आणि वाटेवर पाड्यांतल्या बायांनी विकायला मांडलेली शेवळी, टाकळा, कंटोळी. सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते आणि टेकड्या जांभळ्या होतात. मग ती झुडपे वठून जातात आणि नवी पिढी उगवते. कामगाराच्या मुलाने हे बालपणी एकदा तरी पाहावे, यात चैन कसली?

बस आटली की रान दुरावते

मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सगळा कारभार महापालिकेच्या मालकीचा झाला. उपनगरे वाढली ती या बसच्या भरवशावर. रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. पूर्व-पश्चिम, आतल्या वस्तीत, डोंगराच्या पायथ्याशी जाते ती बस. बोरिवली स्थानकावरून थेट कान्हेरीपर्यंतही बेस्टची बस जात असे.

त्या बेस्टची आज काय अवस्था आहे? २०१० च्या सुमारास चार हजारांहून अधिक स्वतःच्या गाड्या बाळगणाऱ्या या उपक्रमाने स्वतःच्या गाड्या घेणे जवळजवळ थांबवले. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांची जागा खासगी कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्यांनी घेतली. कंत्राटदाराला गाडी परवडेनाशी झाली की तो निघून जातो, चालकाला पगार वेळेवर मिळत नाही, मार्ग बंद पडतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले होते. मे २०२५ मध्ये ते दुप्पट, म्हणजे १० रुपये झाले आणि वातानुकूलित गाडीत १२. किमान भाड्याच्याच अंतरावर राहणाऱ्या चार तिकिटांच्या कुटुंबाचा जाण्यायेण्याचा खर्च ४० रुपयांवरून ८० वर गेला. उद्यानाच्या दारातले प्रवेशशुल्क निराळेच. दिवसाच्या मजुरीवर जगणारे घर या हिशेबाने रानात जायचे सोडून देते. कोणी त्याला बंदी केलेली नसते. तिकिटानेच दार लावून घेतलेले असते.

ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना ही अडचण नाही. किंबहुना त्यांच्यासाठी रान आता घराच्या खिडकीतच आणून ठेवले आहे. उद्यानाच्या कडेने उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत जंगलाच्या देखाव्याची वेगळी किंमत आकारली जाते. शंभर वर्षे सार्वजनिक पैशाने राखलेल्या झाडांचा देखावा खासगी बिल्डरने विकावा, आणि त्याच झाडांखाली जाण्यासाठी सुरक्षारक्षकाला व मोलकरणीला बस मिळू नये, हा आजचा व्यवहार आहे. त्या सुरक्षारक्षकाला तर लोखंडे यांनी मिळवून दिलेला रविवारही उरलेला नाही.

रानातली माणसे

जंगलाचे रक्षण म्हणजे माणसे हटवणे, अशी एक समजूत सुशिक्षितांत रुजली आहे. या टापूत वारली, कोकणा, मल्हार कोळी, काटकरी, दुबळा या समाजांचे पाडे आहेत. एकट्या आरेत २७ पाडे मोजले जातात. उद्यानाची रेषा नकाशावर ओढली जाण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे येथे आहेत. अनेक पाड्यांना वीज आणि नळ मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके वाट पाहावी लागली. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचा हक्क मान्य केला. पण मान्य झालेला हक्क सातबाऱ्यावर व दाखल्यावर उतरवून घेण्याची लढाई अजून चालूच आहे.

आदिवासींखेरीज पोटासाठी आलेले गरीबही उद्यानाच्या कडेला वसले. १९९५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने उच्च न्यायालयात याचिका केली, १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश झाला आणि पुढील काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांनाही पर्यायी जागेसाठी ७,००० रुपये भरण्याची अट होती. जंगल वाचले पाहिजे याविषयी समाजवाद्यांच्या मनात किंतु असू नये. परंतु गरीब माणूस जंगलाच्या कडेला का येतो, याचे उत्तर शहराच्या घरबांधणी धोरणात आहे. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीसाठी झगडून गोरेगावच्या दिंडोशीत नागरी निवारा परिषदेची हजारो घरे उभी केली. रानाच्या शेजारी, रान न गिळता, सामान्यांची वस्ती उभी राहू शकते हे त्यांनी दाखवून दिले. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. त्या जमिनीवर होऊ शकणारी घरे झाली नाहीत, आणि त्याचा दोष मात्र झोपडीवाल्याच्या माथी आला.

झोपडीला जो न्याय लावला तोच मोठ्या प्रकल्पांना लावला जातो काय? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेतील कारशेडविरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडे पडलेली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. त्या आंदोलनात पाड्यांतील स्त्रिया आणि महाविद्यालयीन मुले खांद्याला खांदा लावून उभी होती. त्या रेट्यामुळेच पुढे आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. कारशेड मात्र २०२२ मध्ये पुन्हा आरेतच आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथून मेट्रो धावू लागली. मेट्रो ही सार्वजनिक वाहतूकच आहे, तिला विरोध कशासाठी, असे विचारले जाते. विरोध मेट्रोला नव्हता, जागेला होता. शहरात पुनर्विकासासाठी जमीन सापडते, गोदामांसाठी सापडते. केवळ कारशेडसाठी रानाखेरीज जागा नाही, हे कोणाला पटावे?

जुलै २०२४ मध्ये जंगलाच्या पोटातून जाणाऱ्या दोन मोटाररस्त्यांच्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरांचे जुळे बोगदे आणि ठाणे–बोरिवलीचे दहा किलोमीटरांहून लांब जुळे बोगदे. पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडली जावीत ही मागणी खोटी नाही; मुलुंडचा कामगार त्यासाठी रोज तासन्‌तास खर्च करतो. प्रश्न असा की, हजारो कोटींच्या या रस्त्यावर त्या कामगाराची बस किती मिनिटांनी धावणार? याचे वचन आज कोणी देत नाही.

गर्दीची भीती

एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. सर्वसामान्यांची गर्दी रानात लोटली तर कचरा होईल, प्राणी बिथरतील, असे निसर्गप्रेमी म्हणतात. कचऱ्याची भीती निराधार नाही. फेकलेल्या अन्नावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीत येतो. माकडांना खाऊ घालण्याचे पुण्यही असेच अंगलट येते. म्हणून गाभ्याचे जंगल बंद असावे, संख्येवर मर्यादा असावी, ध्वनिक्षेपक व प्लास्टिक यांना बंदी असावी, हे सर्व मान्य. मात्र ती मर्यादा खिशाने ठरू नये. एका बसमध्ये पन्नास माणसे येतात. तीच माणसे मोटारींनी आली तर बारा-तेरा गाड्या लागतात, आणि त्यांच्या तळासाठी झाडे तोडावी लागतात. रानाला बसचा प्रवासी जड होत नाही, मोटारीचा तळ जड होतो. शिवाय ज्यांनी हे जंगल कधी पाहिलेच नाही त्यांना त्यासाठी रस्त्यावर उतरा म्हणणे व्यर्थ आहे. आरेच्या लढ्यात जी माणसे उतरली, त्यांतील बहुतेकांच्या पायांखालून ती वाट गेलेली होती.

काय करावे

यातून कार्यकर्त्यांसमोर स्पष्ट कार्यक्रम उभा राहतो. बेस्टने स्वतःच्या मालकीच्या गाड्या पुन्हा घ्याव्यात आणि किमान भाडे ५ रुपयांवर आणावे. रविवारी व सुट्टीच्या दिवशी घाटकोपर, अंधेरी, मुलुंड व बोरिवली येथून रानाच्या दारापर्यंत ठरलेल्या वेळी बस असावी. जोडरस्ता पुरा होताच त्यावर बससाठी राखीव मार्गिका मिळावी. महापालिका शाळांच्या मुलांना उद्यानात मुक्त प्रवेश असावा. वाटाड्यांचे काम व उपाहाराची सोय पाड्यांतील तरुणांच्या व बचत गटांच्या हाती द्यावी आणि त्यांचे वनहक्क दावे निकाली काढावेत. आरेची उरलेली सर्व जमीन वन म्हणून घोषित व्हावी.

या मागण्या निवेदनात लिहून भागणार नाही. सेवादलाच्या शाखा एके काळी मुलांना घेऊन डोंगरात जात, तेथे श्रमदान व गाणी होत आणि त्यातून कार्यकर्ते घडत. ती प्रथा प्रत्येक शाखेने पुन्हा सुरू करावी. या पावसाळ्यात एका रविवारी वस्तीतील दहा कुटुंबे, त्यांत शक्य तर घरकाम करणाऱ्या भगिनी आणि सुट्टी मागून घेतलेले सुरक्षारक्षक, अशी बसने आरेला किंवा कान्हेरीला न्यावीत. भाकरी घरची न्यावी, भाजी पाड्यावरच्या बाईकडून घ्यावी, कचरा परत आणावा. बस किती वेळाने आली, किती पैसे पडले, कोठे अडवले गेले, याची नोंद वहीत ठेवावी, आणि सर्व शाखांच्या अशा नोंदी एकत्र करून बेस्ट समितीसमोर व वन खात्यासमोर मांडाव्यात. पुढच्या मोर्चाची मागणीपत्रिका त्या वहीतूनच तयार होईल.